देणाऱ्याचे नाव : हेब्रिडीज बेटांवरील एका लोकसंग्रहाचे मूल्य

लोकसाहित्याचा एखादा संग्रह हाती आला की परीक्षक बहुधा दोन गोष्टी पाहतो. संग्रह किती मोठा आहे आणि त्यातील सामग्री किती जुनी आहे. तिसरा एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ही गाणी, ह्या कथा, हे शब्द कोणी दिले, आणि देणाऱ्याचे नाव संग्राहकाने कोठे ठेवले? गाण्याच्या शेजारी, प्रस्तावनेतील आभारांच्या परिच्छेदात, की कोठेच नाही? प्रस्तुत लेखकाच्या मते संग्रहाची खरी प्रतवारी ह्या तिसऱ्या प्रश्नावर ठरते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील साउथ यूइस्ट, एरिस्के आणि बॅरा ह्या बेटांची गाणी व कथा ज्या संग्रहात आज सुरक्षित आहेत, त्या कॅना येथील संग्रहाचा विचार ह्या दृष्टीने करण्यासारखा आहे. ह्या संग्रहामागे एक धर्मगुरू आहे, एक अमेरिकन तरुणी आहे, एक विद्वान जमीनदार आहे. आणि त्या तिघांच्याही मागे, ज्यांच्या ओठांवर ही ठेव पिढ्यान्‌पिढ्या राहिली ते कोळी, शेतकरी आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया आहेत.

प्रथम ह्या समाजाची ओळख करून घेऊ. स्कॉटलंडने १५६० मध्ये प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा स्वीकारली, तरी अटलांटिक महासागरातील ही दक्षिणेकडील बेटे बव्हंशी कॅथलिक राहिली. सतराव्या शतकात आयर्लंडहून आलेले फ्रान्सिस्कन धर्मगुरू आणि त्यानंतर संत विन्सेंट डी पॉल यांनी पाठवलेले फादर डरमॉट डग्गन यांनी येथील श्रद्धेला आधार दिला. बेटांची भाषा गेलिक. एकोणिसाव्या शतकात बेटांची मालकी जॉन गॉर्डन ऑफ क्लूनी ह्या जमीनदाराकडे गेली आणि शतकाच्या मध्यास साउथ यूइस्ट व बॅरा येथील शेकडो कुटुंबांना जमिनीवरून काढून जहाजांनी कॅनडाला धाडण्यात आले. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला खडकाळ जमिनीचे तुकडे आले. १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा सक्तीची केली, परंतु त्या कायद्यात गेलिक भाषेचा उल्लेखही नव्हता. छोट्या कुळांना जमिनीवर राहण्याची कायदेशीर हमी मिळाली ती १८८६ मध्ये. थोडक्यात, ज्या काळात ह्या लोकांचे साहित्य गोळा करण्यास प्रारंभ झाला त्या काळात त्यांच्या हाती जमीन नव्हती, त्यांच्या भाषेला शाळेत जागा नव्हती आणि त्यांचे म्हणणे छापणारा छापखानाही बेटावर नव्हता. जे होते ते स्मरणात होते.

हे स्मरण किती विपुल होते याची कल्पना कापड बडवण्याच्या गाण्यांवरून येते. घरच्या मागावर विणलेले लोकरी कापड ओले करून घट्ट आणि उबदार बनवण्यासाठी स्त्रिया एका लांब फळीभोवती बसत आणि ते कापड तालावर आपटत. एक स्त्री ओळ म्हणे, बाकीच्या पालुपद धरत. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीने जे केले तेच ह्या गाण्यांनी तेथे केले. कष्टाला ताल दिला, आणि एरवी जे बोलता येत नाही ते बोलण्याची मुभा दिली. बुडालेला प्रियकर, दुरावलेले माहेर, मेलेला सरदार, शेजारणीची थट्टा, हे सारे त्या फळीभोवती गायले जाई. अशी गाणी शतकानुशतके टिकली ती गाणाऱ्यांच्या जिभेवर. त्यांना कवीचे नाव बहुधा नसते. म्हणूनच गाणे ज्या व्यक्तीने जपले आणि दिले तिचे नाव हीच त्याची एकमेव सही असते. ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे पुढील इतिहासाचे मर्म कळते.

ह्या इतिहासातील पहिले मोठे नाव फादर ॲलन मॅकडोनल्ड यांचे. त्यांचा जन्म १८५९ साली फोर्ट विल्यम येथे झाला. स्पेनमधील वायादोलिद येथील स्कॉटिश सेमिनरीत त्यांचे शिक्षण झाले आणि १८८२ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८८४ पासून ते साउथ यूइस्टवरील डालिबर्ग धर्मग्रामात होते. त्या विस्तीर्ण धर्मग्रामाच्या कष्टांनी प्रकृती ढासळल्यावर ते एरिस्के ह्या लहानशा बेटावर गेले आणि १९०५ मध्ये वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षापूर्वीच तेथे वारले. एरिस्के येथील संत मायकलचे चर्च त्यांच्या हयातीत, १९०३ मध्ये, उभे राहिले. १८९३ मध्ये त्यांनी गेलिक भक्तिगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. ते स्वतः कवीही होते. परंतु त्यांचे सर्वांत मोठे काम त्यांच्या हयातीत कोणाच्या डोळ्यांसमोर आले नाही. ते त्यांच्या वह्यांत होते.

रुग्णांना भेटायला, घरे आशीर्वादित करायला, मुलांना धर्मशिक्षण द्यायला जाताना फादर ॲलन कानांवर पडलेले टिपून ठेवीत. प्रार्थना, म्हणी, औषधे, परीकथा, मृत्यूची पूर्वसूचना देणारे आभास, समुद्रातील भयावह प्राणी, पाळीव जनावरांच्या रोगांवरील मंत्र, असा सारा ऐवज त्या वह्यांत आहे. बऱ्याच नोंदींत सांगणाऱ्याचे नावही आढळते. टीकाकाराने येथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या काळी दोन प्रकारचे लोक अशा सामग्रीकडे वळत. एक प्रकार तिच्यात अज्ञान पाहून ती नाहीशी करू इच्छिणाऱ्यांचा, दुसरा तिच्यात गूढरम्यता शोधणाऱ्यांचा. फादर ॲलन यांच्या नोंदींत पहिल्यांचा तिरस्कार नाही आणि दुसऱ्यांचा भाबडेपणाही नाही. पवित्र मरियेची प्रार्थना आणि पऱ्यांची गोष्ट एकाच वहीत, एकाच हाताने, एकाच काळजीने लिहिलेली आहे. धर्मगुरू म्हणून त्यांना यांतील भेद अर्थातच ठाऊक होता. पण माणूस ज्या शब्दांनी जगतो ते शब्द आधी नीट ऐकून घ्यावेत, न्याय नंतर करावा, ही त्यांची वृत्ती होती. मेंढपाळाने आपल्या कळपाचे ऐकावे, असे म्हणणारे पुष्कळ असतात. वही घेऊन ऐकणारे थोडे.

ह्या वह्यांचे पुढे काय झाले ही कथा दुःखद आहे. १८९० च्या दशकाच्या मध्यास मानसिक चमत्कारांचा अभ्यास करणाऱ्या लंडनमधील एका संस्थेने हायलँड प्रदेशातील 'दुसऱ्या दृष्टी'ची, म्हणजे भविष्याचे आभास होण्याच्या शक्तीची, चौकशी करण्याचे ठरवले. हे काम ॲडा गुडरिच फ्रीअर नावाच्या बाईंकडे आले. त्या बेटांवर आल्या, फादर ॲलन यांना भेटल्या, आणि त्यांनी आपल्या वह्या त्यांना वापरू दिल्या. पुढे ह्या बाईंचे लेख लोकविद्येच्या प्रतिष्ठित नियतकालिकात १८९९ व १९०२ मध्ये आले आणि १९०२ मध्येच बाहेरच्या बेटांवरील त्यांचे पुस्तकही निघाले. त्यांनी फादर ॲलन यांचा उल्लेख केला नाही असे नाही. उल्लेख आहे, आभारही आहेत. परंतु लेखांतील मजकुराचा केवढा मोठा भाग त्या वह्यांतून, पुष्कळदा शब्दशः, उचलला आहे याचा पत्ता वाचकाला लागत नाही. बाईंना गेलिक पुरेसे येत नव्हते. तरीही बेटांवर हिंडून स्वतः सारे ऐकले असा आभास त्यांच्या लेखनातून निर्माण झाला आणि तज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले. फादर ॲलन लवकरच वारले. त्यांच्या वह्या विखुरल्या.

आभार मानणे आणि श्रेय देणे यांतील अंतर ह्या उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कोठे होत असेल. आभारांत मोठेपणा आभार मानणाऱ्याकडे राहतो, तर श्रेयात तो ज्याचा असतो त्याच्याकडे परत जातो. आणि येथे हिरावलेले श्रेय एकट्या धर्मगुरूचे नव्हते. त्यांना ज्या वृद्ध स्त्री-पुरुषांनी विश्वासाने सांगितले त्यांची नावे तर आणखी एक पायरी खाली गेली. 'बेटावरील एक म्हातारी', 'एक कोळी' एवढेच राहिले की माणूस नमुना बनतो.

दुसरा प्रकार याहून सौम्य, परंतु परिणामाने मोठा आहे. १९०५ मध्ये, फादर ॲलन यांच्या मृत्यूच्याच वर्षी, मार्जरी केनेडी-फ्रेझर ही गायिका एरिस्केला आली. तेथील गाणी ऐकून तिने केनेथ मॅक्लाउड यांच्या साहाय्याने १९०९ मध्ये हेब्रिडीजच्या गाण्यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तिने ह्या गाण्यांना पियानोची साथ दिली, चाली आवश्यक वाटल्या तेथे मुरडल्या, शब्दांना इंग्रजी दिवाणखान्यास मानवेल असे धुके चढवले. जगभर ही गाणी गायली गेली. तिच्यावर टीका करणे आज सोपे आहे, आणि ती टीका पुष्कळ झाली आहे. परंतु न्यायाची गोष्ट अशी की तिने सारे काही मूळ स्वरूपात देण्याचा दावा केला नव्हता. तिला मैफलीसाठी कलाकृती घडवायची होती. दोष असा की ऐकणाऱ्यांनी त्या कलाकृतीलाच बेटांचा आवाज मानले. कष्टकरी स्त्रीच्या ओठांवरील खणखणीत, विनोदी, प्रसंगी कठोर गाणे मागे पडले आणि त्याच्या जागी एक उदास सांजवेळ येऊन बसली.

तरीही ह्याच मैफलीतून पुढचा अध्याय निघाला, ही इतिहासाची गंमत आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाची मार्गारेट फे शॉ ही पोरकी मुलगी स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्ग येथे काही काळ शाळेत होती. तेथे तिने केनेडी-फ्रेझर हिची गाणी ऐकली. गाण्यांनी ती भारावली. परंतु संगीत शिकणाऱ्या ह्या मुलीला त्यांत काहीतरी निसटल्याचे जाणवले, आणि मूळ गाणे असेल तेथे जाऊन ते ऐकण्याचे तिने मनाशी ठरवले. १९२९ साली ती साउथ यूइस्टवर आली. एका घरी जेवणप्रसंगी तेथे काम करणाऱ्या मारी मॅक्रे हिचे गाणे तिने ऐकले आणि ते शिकवण्याची विनंती केली. मारी आणि तिची बहीण पेगी यांच्या नॉर्थ ग्लेनडेल येथील लहानशा घरात मग ती सहा वर्षे, १९३५ पर्यंत, राहिली.

ह्या सहा वर्षांचे फळ म्हणजे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला साउथ यूइस्टच्या लोकगीतांचा व लोकविद्येचा तिचा ग्रंथ. आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या ग्रंथाची रचना अभ्यासण्यासारखी आहे. गाण्यांआधी ती त्या दरीतील जीवनाचे वर्णन करते. पीट ह्या जळणासाठी दलदलीची माती कशी कापतात, बटाटे कसे लावतात, गाय कशी सांभाळतात, वर्षाचे सण कसे येतात, हे सांगते. मग गाणी येतात, गेलिक मूळ, इंग्रजी भाषांतर आणि तिने स्वतः कानाने टिपलेली स्वरलिपी यांसह. गाण्याबरोबर ते देणाऱ्याचे नाव येते. त्यानंतर म्हणी, घरगुती औषधे, लोकरीला रंग देणाऱ्या वनस्पती, पदार्थांच्या कृती. गाणे ज्या घरात, ज्या चुलीजवळ, ज्या कामाच्या वेळी गायले जाते ते घर, ती चूल, ते काम हरवू द्यायचे नाही, असा हा आग्रह आहे. केनेडी-फ्रेझर हिने गाणे घरातून उचलून मैफलीत नेले. शॉ हिने वाचकालाच घरात नेले. तिने काढलेली हजारो छायाचित्रेही ह्याच वृत्तीची आहेत. त्यांतील माणसे बहुधा कामात असतात, आणि बहुतेकांची नावे आपल्याला कळतात.

१९३५ मध्ये शॉ हिचा विवाह जॉन लॉर्न कॅम्पबेल यांच्याशी झाला. आर्गाइल परगण्यातील जमीनदार घराण्यात १९०६ मध्ये जन्मलेला हा ऑक्सफर्डचा पदवीधर बॅरा बेटावर राहून गेलिक शिकला होता. किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडणाऱ्या यांत्रिक नौकांविरुद्ध स्थानिक मच्छीमारांची बाजू मांडण्यासाठी त्यांनी कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझी यांच्यासह १९३३ मध्ये एक संघटनाही काढली होती. १९३८ मध्ये कॅम्पबेल यांनी कॅना हे बेट विकत घेतले आणि उभयतांनी तेथे संसार थाटला. १९४६ मध्ये कॅम्पबेल यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्यांनी १९३७ पासून मेणाच्या नळकांड्यांवर, पुढे तबकड्यांवर, १९४९ पासून तारेवर आणि नंतर फितीवर बेटांवरील गाणी व कथा ध्वनिमुद्रित केल्या. १९३७ मध्ये ते दोघे कॅनडातील नोव्हा स्कोशियालाही गेले आणि ज्यांच्या पूर्वजांना बेटे सोडावी लागली होती त्यांच्या वंशजांकडून त्यांनी गाणी घेतली. तीन खंडांत प्रसिद्ध झालेला कापड बडवण्याच्या गाण्यांचा त्यांचा ग्रंथ (१९६९, १९७७, १९८१) संगीततज्ज्ञ फ्रान्सिस कॉलिन्सन यांच्या सहकार्याने सिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडाचा पाया साउथ यूइस्टच्या डोनाल्ड मॅकॉर्मिक यांनी १८९३ मध्ये केलेले हस्तलिखित आहे, आणि हे नाव कॅम्पबेल यांनी झाकले नाही.

कॅम्पबेल यांचा विशेष असा की त्यांनी दोन्ही बाजूंनी काम केले. एका बाजूने नवे नाव पुसले जाऊ दिले नाही. बॅराचे 'कॉडी' म्हणून ओळखले जाणारे जॉन मॅकफर्सन यांच्या कथा १९६० मध्ये त्यांच्याच नावाने पुस्तकरूपात आल्या. साउथ यूइस्टचे शेतमजूर अँगस मॅक्लेलन यांच्या कथा १९६१ मध्ये आणि त्यांचे आत्मकथन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची शेते नांगरली त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, भाषांतरित करून, त्याचे आत्मचरित्र म्हणून जगापुढे ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती. येथे संग्राहक संपादक होतो, लेखक होत नाही.

दुसऱ्या बाजूने त्यांनी पुसलेले नाव परत लिहिले. फादर ॲलन यांच्या विखुरलेल्या वह्यांचा शोध त्यांनी घेतला. त्यांपैकी काही ग्लासगो व एडिनबरा येथील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत सापडल्या. वह्यांतील मजकूर आणि फ्रीअरबाईंचे लेख त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि १९५८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. १९६८ मध्ये ट्रेव्हर हॉल यांच्यासह त्यांनी ह्याच प्रकरणावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. १९५८ मध्येच त्यांच्या संपादनाखाली फादर ॲलन यांचा साउथ यूइस्ट व एरिस्के येथील गेलिक शब्द व वाक्प्रचारांचा कोश डब्लिन येथून निघाला. धर्मगुरूच्या मृत्यूनंतर तो त्रेपन्न वर्षे हस्तलिखितातच होता. १९६५ मध्ये त्यांच्या कविताही प्रसिद्ध झाल्या. साठ वर्षांनी का होईना, एका माणसाला त्याचे लेखन परत मिळाले. दोन मजकूर शेजारी ठेवणे ही समीक्षेची सर्वांत साधी कृती आहे. न्याय करण्यासाठी कधी कधी तेवढीच पुरते.

एवढे झाल्यावर संग्रहाच्या मर्यादांकडेही पाहणे आवश्यक आहे. स्तुती तपासली गेली नाही तर तिचाही उपयोग नसतो.

पहिली मर्यादा दृष्टीची. शॉ आणि कॅम्पबेल दोघेही बाहेरून आलेले. दोघांना आर्थिक स्वास्थ्य होते, आणि कॅम्पबेल तर एका बेटाचे मालकच. जमीनदारीने ज्या समाजाला उखडले त्याच समाजाच्या स्मृतीचे रक्षण एका जमीनदाराने करावे यात एक अवघड विसंगती आहे. कॅम्पबेल यांनी १९८१ मध्ये कॅना बेट, आपले घर, ग्रंथालय व संग्रह स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाला दिले, यातून त्या विसंगतीचे भान दिसते असे म्हणता येईल. पण विसंगती नाहीशी होत नाही. शॉ हिच्या छायाचित्रांतील दारिद्र्य सुंदर दिसते. जे दोन खोल्यांच्या घरात ओल सोसत होते त्यांना ते तसे दिसत होते काय, हा प्रश्न चित्र पाहताना विसरू नये.

दुसरी मर्यादा निवडीची. शॉ हिचा ग्रंथ मुख्यतः एका दरीतील आणि तिच्या परिचयाच्या वर्तुळातील आहे. त्याची खोली ह्यामुळेच आहे, आणि त्याची कड देखील. संग्राहक जुन्याच्या शोधात असतो. त्यामुळे तरुणांनी काय गायले, स्थलांतर करून ग्लासगोच्या गोद्यांत कामाला गेलेल्यांनी काय आठवले, याला अशा ग्रंथात जागा कमी मिळते.

तिसरी मर्यादा स्थळाची. साउथ यूइस्टचा आवाज कित्येक वर्षे साउथ यूइस्टवर नव्हता. तो कॅनाच्या एका घरात होता. ज्यांच्या आजीने गाणे दिले त्यांना ते ऐकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत होता. ह्या दृष्टीने पुढील घडामोडी महत्त्वाच्या आहेत. १९५१ मध्ये एडिनबरा विद्यापीठात स्कॉटिश अध्ययनाची संस्था स्थापन झाली, आणि तिच्या वतीने कॅलम मॅक्लीन यांच्यासारख्या संग्राहकांनी ह्याच बेटांवर अपार परिश्रम केले. १९७० च्या दशकात बेटवासीयांनी स्वतःच स्थानिक इतिहास मंडळे स्थापन करण्यास प्रारंभ केला. लुइस बेटावरील नेस येथील मंडळ १९७७ चे. ह्या मंडळांत शेजारी शेजाऱ्याची कागदपत्रे, छायाचित्रे व आठवणी जपतो. आणि २०१० मध्ये एडिनबरा येथील संस्था, बीबीसी व कॅना संग्रह यांतील ध्वनिमुद्रणे संगणकाच्या जाळ्यावर सर्वांना खुली झाली. आता साउथ यूइस्टमधील एखादी नात आपल्या पणजीचे नाव शोधून तिचा आवाज ऐकू शकते. ती तो शोधू शकते, कारण पूर्वी कोणीतरी ते नाव लिहून ठेवले होते. 'एक म्हातारी' एवढेच लिहिले असते तर कोणतेही यंत्र तिला तो आवाज देऊ शकले नसते.

शुद्धतेचाही अहंकार होऊ शकतो, हेही येथे नोंदवावे. यूइस्ट बेटांवर जकात खात्यात नोकरी केलेले अलेक्झांडर कारमायकेल यांनी १९०० मध्ये गेलिक प्रार्थना व मंत्रांचा जो प्रख्यात संग्रह प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी पदरची दुरुस्ती किती केली यावर १९७० च्या दशकात कडाक्याचा वाद झाला. एका अभ्यासकाने १९७६ मध्ये कारमायकेल यांच्यावर गंभीर आक्षेप घेतले, आणि १९७८ मध्ये त्याला उत्तर द्यायला पुढे आले ते कॅम्पबेलच. फ्रीअरबाईंवर इतकी कठोर कारवाई करणाऱ्या माणसाने कारमायकेल यांची बाजू घ्यावी यात विरोध नाही. कारमायकेल लोकांत राहिले, त्यांची भाषा त्यांना अवगत होती, त्यांचे ऋण त्यांनी मानले. घासूनपुसून मांडणे हा त्यांच्या काळाचा दोष होता. दुसऱ्याचे आपले म्हणून मांडणे हा मात्र कोणत्याही काळात दोषच.

शॉ हिचा ग्रंथ ज्या वर्षी निघाला त्याच १९५५ साली साउथ यूइस्टवर क्षेपणास्त्र चाचणीचा तळ उभारण्याची सरकारी योजना जाहीर झाली होती. तळाबरोबर येणाऱ्या परक्या वस्तीपुढे बेटाची भाषा व जीवनपद्धती टिकणार नाही, ह्या भीतीने फादर जॉन मॉरिसन यांनी विरोधाचे नेतृत्व केले. १९५७ मध्ये ह्यू लोरिमर या शिल्पकाराने घडवलेला पवित्र मरियेचा उंच पुतळा बेटावरील टेकडीच्या उतारावर उभा राहिला. तळ आला; योजना पुष्कळ आखडती घेतली गेली. परंतु भाषा मागे सरत राहिली. २०२२ च्या जनगणनेत बाहेरच्या हेब्रिडीजमध्येही गेलिक बोलणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या खाली आले. एका अर्थाने संग्रहाची ही सर्वांत कठीण कसोटी आहे. गाणे जपले, पण ते समजणारे घटले, तर संग्रहाचे प्रयोजन काय?

ह्या प्रश्नाचे समाधान होईल असे उत्तर नाही. संग्रह भाषा जिवंत ठेवू शकत नाही. ते घरातल्या बोलण्याचे काम आहे. पण ज्या दिवशी कोणी पुन्हा शिकायला निघेल त्या दिवशी त्याला शब्द, चाल आणि उच्चार हाती लागावेत एवढी सोय संग्रह करून ठेवतो. आणि ती ज्यांनी करून ठेवली ती माणसे कोण होती हेही तो सांगतो. फादर ॲलन यांच्या कोशातील एखादा शब्द उघडला की तो अमक्या घरी, अमक्या कामाच्या निमित्ताने बोलला गेलेला शब्द असतो. विद्वानांच्या कल्पनेतील 'लोक' तो बोलत नाहीत.

मार्गारेट फे शॉ २००४ साली, एकशे एक वर्षांच्या होऊन वारल्या. कॅनाच्या घरात इतकी वर्षे काढूनही त्यांचे दफन साउथ यूइस्टच्या भूमीत झाले. जॉन लॉर्न कॅम्पबेल १९९६ मध्ये इटलीत वारले आणि दहा वर्षांनी त्यांच्या अस्थी कॅनाला आणल्या गेल्या. फादर ॲलन यांची कबर एरिस्केवर, त्यांच्याच धर्मग्रामस्थांमध्ये आहे. तिघेही अखेर ज्यांच्याकडून त्यांनी घेतले त्यांच्या सान्निध्यात विसावले.

पण हा योगायोग बाजूला ठेवला तरी संग्रहाचे मूल्यमापन करण्यास एक कसोटी आपल्या हाती राहते. कोणताही संग्रह उघडावा, एखादे गाणे निवडावे आणि विचारावे: हे गाणाऱ्या व्यक्तीच्या नातवंडांना आपले माणूस येथे सापडेल काय? शॉ आणि कॅम्पबेल यांचा संग्रह ह्या कसोटीला बहुतांशी उतरतो. फ्रीअरबाईंचे पुस्तक उतरत नाही. धर्मगुरू असो, शिक्षक असो, विद्यार्थी असो, ज्याच्या हाती आज वही किंवा ध्वनिमुद्रक आहे त्याने गाण्याआधी नाव लिहावे, गाव लिहावे, दिवस लिहावा. हे काम दोन मिनिटांचे आहे. एरिस्केच्या धर्मगुरूच्या बाबतीत ते कोणीतरी टाळले, आणि ते भरून काढायला अर्धे शतक लागले.